थांबून बघण्याआधी

न्यू जर्सीतील एडिसनहून एका आईचे दीर्घ पत्र आले आहे. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील गाळून, त्यातला मुख्य भाग येथे देते.

‘माझा मुलगा बावीस महिन्यांचा आहे. पहिलाच आहे आणि त्याचा जन्म इथलाच. पती एच-वन-बी व्हिसावर आहेत, मी एच-फोरवर, म्हणजे त्यांच्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर, घरी असते. वर्षाचा असताना तो “काऊ”, “दे” आणि “पापा” म्हणत असे. गेल्या पाच-सहा महिन्यांत हे तिन्ही शब्द गेले. हाक मारली तर वळून पाहत नाही, पण दुसऱ्या खोलीत टॅबलेटवरचे गाणे लागले की धावत येतो. इंग्रजी मुळाक्षरे मात्र ओळीने म्हणतो, त्यामुळे घरचे त्याला फार हुशार समजतात. अठराव्या महिन्याच्या तपासणीत डॉक्टरांकडे वीस प्रश्नांचा एक फॉर्म होता. तो यांनी भरला आणि सगळे ठीक निघाले. आता मी काळजी बोलून दाखवली, तर डॉक्टर म्हणाले की दोन वर्षांच्या तपासणीत पाहू. सासूबाई नाशिकहून सांगतात, “त्याचा बापही साडेतीन वर्षांनी बोलला, मुलगे उशिराच बोलतात. सहा महिने इकडे पाठवून दे, माणसांत राहिला की बोलेल.” मैत्रीण म्हणते मराठी बंद कर, दोन भाषांनी तो गोंधळला आहे. दुसरी म्हणते पुढची लस टाळ. पती म्हणतात, एकदा रेकॉर्डवर आले की पुसता येत नाही, शिवाय आपले ग्रीन कार्ड अजून व्हायचे आहे. मंडळात कोणाशी बोलावे तर सगळ्यांची मुले छान बोलतात. मी उगाच घाई करते आहे का?’

प्रिय ताई,

तुम्ही घाई करत नाही. मुलाचे ऑटिझमचे स्क्रीनिंग करून घ्या, आणि त्यासाठी दोन वर्षे पूर्ण होण्याची वाट पाहू नका. ऑटिझम, म्हणजे मराठीत स्वमग्नता, ही विकासातील अशी अवस्था आहे की तिच्यात माणसांशी संवाद साधण्याची आणि जोडून घेण्याची वाट वेगळी असते. पत्रावरून निदान कोणालाच करता येत नाही, मलाही नाही. तुमच्या मुलाला ऑटिझम आहे असे मी म्हणत नाही. मात्र आलेले शब्द नाहीसे होणे ही एकच गोष्ट, बाकी काहीही नसते तरी, तातडीने तपासणी करून घेण्यास पुरेशी आहे. मूल उशिरा बोलणे आणि बोललेले विसरणे यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात ‘बघू’ हे उत्तर कोणत्याही वयाच्या मुलासाठी योग्य नसते, आणि तुमच्या डॉक्टरांना हे नम्रपणे, पण स्पष्टपणे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

स्क्रीनिंग म्हणजे काय, याविषयी आपल्या लोकांत मोठा गैरसमज आहे. स्क्रीनिंग ही केवळ चाळणी आहे, तिच्यातून निदान होत नाही. चाळणीवर राहिलेला प्रत्येक दाणा खडा नसतो, पण तो हातात घेऊन पाहावा लागतो, एवढेच ती सांगते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशी आहे की प्रत्येक मुलाच्या सर्वसाधारण विकासाची चाळणी नवव्या, अठराव्या आणि तिसाव्या महिन्यात व्हावी, आणि ऑटिझमसाठीची वेगळी चाळणी अठराव्या आणि चोविसाव्या महिन्यात व्हावी. तुमच्या पतींनी भरलेला वीस प्रश्नांचा फॉर्म बहुधा एम-चॅट या ऑटिझमच्या चाळणीसाठीच्या प्रश्नावलीची सुधारित आवृत्ती असावा. तो सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी आहे. चिंताजनक उत्तरे शून्य ते दोन असली तर धोका कमी मानतात, तीन ते सात असली तर पालकांशी आणखी सविस्तर बोलून तीच उत्तरे पुन्हा तपासतात, आणि आठ किंवा त्याहून अधिक असली तर थेट पुढच्या तपासणीला पाठवतात. या पद्धतीची सोळा हजारांहून अधिक मुलांवर जी पडताळणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात फॉर्म आणि मुलाखत या दोन्ही पायऱ्यांनंतरही चिंता उरलेल्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांना, म्हणजे ४७.५ टक्के मुलांना, ऑटिझम निघाला. विकासातील काही ना काही अडचण मात्र सुमारे ९५ टक्के मुलांत आढळली. म्हणजे चाळणीने इशारा दिला आणि ऑटिझम निघाला नाही, तरी ती खेप बहुधा वाया जात नाही. भाषेचा विलंब असो वा आणखी काही, मुलाला मदतीची गरज असल्याचे तिथे कळते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रतिबंधक आरोग्यसेवांबद्दल सल्ला देणाऱ्या अमेरिकी तज्ज्ञ कार्यदलाने २०१६ मध्ये असे म्हटले होते की ज्या मुलांविषयी कोणालाही काळजी वाटलेली नाही अशा सर्वांची सरसकट चाळणी करण्याबाबत पुरावा अजून अपुरा आहे. तुमच्या घरात कोणी हे वाक्य वाचून दाखवले तर त्यातला पहिला भाग त्यांना पुन्हा वाचायला सांगा. तुमच्या मुलाविषयी त्याच्या आईला काळजी वाटते आहे, त्यामुळे तो वाद तुम्हाला लागू होत नाही.

आता त्या अठराव्या महिन्याच्या फॉर्मकडे येते. परदेशी राहणाऱ्या आपल्या कुटुंबांत पहिली गाडी चुकते ती बहुतेक वेळा येथेच. फॉर्म इंग्रजीत असतो, प्रतीक्षागृहात पाच मिनिटांत भरायचा असतो, आणि तो बरेचदा वडील भरतात, कारण विम्याचे आणि पत्त्याचे कागदही तेच भरत असतात. मूल दिवसभर ज्या आईजवळ असते ती त्या वेळी मुलाला कडेवर घेऊन उभी असते. प्रश्न असतो, मूल हाकेला प्रतिसाद देते का, आणि चांगल्या घरातला, डॉक्टरांसमोर बसलेला माणूस सहज ‘होय’ लिहितो, कारण कधीतरी मूल वळलेले असते. प्रश्नाचा खरा रोख मात्र असा असतो की मूल खेळात असताना, तुम्ही त्याच्या समोर नसताना, एरवीच्या आवाजात नाव घेतले तर ते बहुतेक वेळा वर पाहते का. कधीतरी होणाऱ्या गोष्टीला ‘होय’ लिहिले की चाळणीची भोके मोठी होतात. हा पतींचा दोष आहे असे कृपया मानू नका. प्रश्न आपल्या भाषेत, आपल्या घरातल्या उदाहरणांनी विचारला गेला नाही, ही खरी उणीव आहे.

म्हणून तो फॉर्म पुन्हा मागा, तो घरी आणून शांतपणे दोघांनी मिळून भरा, आणि प्रत्येक प्रश्न आपल्या घरात आणून पाहा. बोटाविषयीचे दोन वेगळे प्रश्न त्यात आहेत आणि ते वेगळे आहेत हेच मराठी घरांत निसटते. हवी असलेली वस्तू मागण्यासाठी बोट दाखवणे ही एक गोष्ट झाली. काहीही नको असताना, केवळ तुम्हीही पाहावे म्हणून, खिडकीबाहेरच्या कावळ्याकडे किंवा आकाशातल्या चांदोमामाकडे बोट करून मग तुमच्या चेहऱ्याकडे पाहणे ही दुसरी. साधारणपणे दीड वर्षाचे मूल हे दुसरे बोट दाखवू लागते. तुमचा मुलगा बिस्किटाच्या डब्यापाशी तुमचा हात धरून नेतो असे तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे. तो हात धरून नेतो, तेव्हा तुमच्या डोळ्यांत पाहतो का, की हात हेच एक अवजार असल्यासारखा नेतो, हे दोन-तीन दिवस नीट पाहा आणि लिहून ठेवा. ‘बाप्पाला जय कर’ म्हटले तर हात जोडतो का, टाटा करतो का, तुम्ही लाटणे फिरवता तसे फिरवून पाहतो का, खोट्या कपातून तुम्हाला खोटा चहा पाजतो का, नवीन माणूस घरात आले की आधी तुमचा चेहरा वाचतो का. हे सारे त्याच वीस प्रश्नांचे मराठी रूप आहे. आपल्याकडे आणखी एक गोष्ट होते. आई किंवा आजी इतकी तत्पर असते की मुलाला मागण्याची वेळच येत नाही; पाण्याकडे पाहण्याआधी पाणी येते, घास भरवून झालेला असतो. मग ‘तो मागत नाही’ हे लक्षातच येत नाही. आठवडाभर पेला त्याला दिसेल पण हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा आणि तो काय करतो ते पाहा.

घरी ‘हुशारी’ म्हणून ज्या मुळाक्षरांचे कौतुक होते, त्याविषयीही लिहिले पाहिजे. मुळाक्षरे, अंक आणि जाहिरातींची वाक्ये जशीच्या तशी म्हणणारे, पण ‘आई, दे’ म्हणून हाक न घालणारे मूल खरोखरच हुशार असू शकते. त्याची स्मरणशक्ती उत्तम असेल, ती पुढे त्याच्या शिकण्याचा आधार होईल. पण पाठांतर आणि संवाद ही वेगळी अंगे आहेत. आपल्या समाजाला पाठांतराचे फार प्रेम आहे. रामरक्षा म्हणणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाभोवती पाहुणे गोळा होतात, आणि म्हणून जे मूल पाठ म्हणते त्याच्याविषयी काळजी करणे आपल्याला अपशकुनासारखे वाटते. स्क्रीनिंगमध्ये पाहतात ते भाषेचा उपयोग तो दुसऱ्या माणसाकडे पोहोचण्यासाठी करतो का, हे.

सासूबाईंचे म्हणणे मी हलके मानत नाही. त्यांनी मुलगा वाढवला आहे आणि तो आज चांगला कमावता आहे. तो उशिरा बोलला हेही खरे असेल. परंतु त्यावरून हा नातूही आपोआप बोलेल असा निष्कर्ष निघत नाही, कारण ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आणि वडिलांच्या उशिरा बोलण्याची आठवण ही डॉक्टरांना आवर्जून सांगण्याची माहिती आहे. शिवाय त्या काळी त्यांच्या घरात, आळीत, वाड्यात एकाच वयाची पाच-सहा मुले होती आणि चार अनुभवी बायकांचे डोळे त्यांच्यावर होते. एडिसनच्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये पहिल्या मुलाची तुलना करायला कोणीच नसते. परदेशातल्या मुलांचे लक्षात येणे लांबते, त्यात हे एकटेपण फार मोठे कारण आहे, असे मला माझ्या कामातून ठामपणे वाटते.

दोन भाषांविषयी मैत्रिणीने दिलेला सल्ला कृपया मानू नका. दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिझम होत नाही आणि भाषेचा विकारही होत नाही. ऑटिझम असलेल्या मुलांचा अभ्यास केला गेला तेव्हाही, दोन भाषांत वाढणारी मुले एका भाषेत वाढणाऱ्यांपेक्षा मागे पडल्याचे दिसले नाही. दुर्दैवाने काही व्यावसायिकही स्थलांतरित आई-बापांना घरची भाषा सोडायला सांगत आले आहेत, आणि त्याचे परिणाम मी पाहिले आहेत. तुटक इंग्रजीत बोलणारी आई कमी बोलते, कमी गाते, कमी रागावते आणि कमी लाड करते. ज्या मुलाला मुळातच माणसांशी जोडून घ्यायला अधिक श्रम पडतात, त्याच्या वाट्याची सर्वांत समृद्ध भाषा आपण काढून घेतो. तुम्ही त्याच्याशी मराठीतच बोला. मात्र तपासणी करणाऱ्यांना दोन्ही भाषांतले शब्द मोजायला सांगा. ‘काऊ’ हा शब्दच होता, आणि तो गेला, ही नोंद इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरांच्या कागदावर आलीच पाहिजे.

टॅबलेट कमी करणे चांगलेच आहे. दीड वर्षाखालच्या मुलांना नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल सोडून पडदा दाखवू नये, असेच बालरोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. पण ‘आधी तीन महिने टॅबलेट बंद करून बघू, मग डॉक्टर’ हा क्रम चुकीचा आहे. दोन्ही आजच सुरू करा.

लसीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण लसीमुळे ऑटिझम होतो ही अफवा स्थलांतरित समाजांत मुद्दाम पेरली गेली आहे. मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस शहरातील सोमाली, म्हणजे सोमालियातून आलेल्या, आई-वडिलांना २००८ च्या सुमारास असे दिसू लागले की विशेष शिक्षणाच्या बालवर्गांत आपल्याच समाजाची मुले फार आहेत. त्यांनी प्रश्न विचारला, आणि तो रास्त होता. मिनेसोटा विद्यापीठाने २०१३ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांत शहरातील सोमाली मुलांत दर ३२ मुलांमागे एक आणि गोऱ्या मुलांत दर ३६ मुलांमागे एक, असे जवळपास सारखेच प्रमाण आढळले. मात्र ऑटिझम असलेल्या सोमाली मुलांत बौद्धिक अक्षमता बरोबर असण्याचे प्रमाण अधिक होते. पण उत्तर मिळेपर्यंतच्या पोकळीत लसविरोधी मंडळी त्या समाजात पोहोचली. ज्या ब्रिटिश डॉक्टरचा लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा १९९८ चा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, तोही तेथे जाऊन बोलून आला. मिनेसोटातील सोमाली मुलांत गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या लसीचे प्रमाण २००४ मध्ये ९२ टक्के होते, ते २०१४ पर्यंत ४२ टक्क्यांवर उतरले, आणि २०१७ मध्ये गोवराची साथ येऊन ७५ जणांना लागण झाली. त्यांत बहुतेक सोमाली कुटुंबांतील लहान मुले होती. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा जो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात या लसीमुळे ऑटिझमचा धोका वाढल्याचे आढळले नाही. तुमच्या मुलाच्या लसी वेळेवर द्या. त्या सोमाली मातांची गोष्ट मला दुसऱ्याच कारणासाठी मोलाची वाटते. आपल्या मुलांविषयीचा प्रश्न त्यांनी उघडपणे, समाज म्हणून विचारला. आपण मराठी लोकांनी तो अजून घराघरांत दाबून ठेवला आहे.

वेळेचा हिशेब आता मांडते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या २०२२ च्या पाहणीनुसार आठ वर्षांच्या दर ३१ मुलांमागे एकाला ऑटिझम आढळला. पहिले निदान होण्याचे मध्यक वय (निम्म्यांचे निदान त्याआधी, निम्म्यांचे त्यानंतर) ४७ महिने, म्हणजे जवळजवळ चार वर्षे होते. त्याच पाहणीत आशियाई आणि पॅसिफिक बेटांवरील वंशाच्या मुलांतले प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा अधिक होते, त्यामुळे ‘हे आपल्यात नसते’ या वाक्याला आधार उरलेला नाही. तुमचा मुलगा आज बावीस महिन्यांचा आहे. तीन वर्षांखालील मुलांसाठी ‘अर्ली इंटरव्हेन्शन’ नावाची, विकासात मागे पडणाऱ्या मुलांना लवकर मदत देणारी सेवा अमेरिकी कायद्याने १९८६ पासून आहे, आणि ती तिसऱ्या वाढदिवसाला संपते. म्हणजे तुमच्या हाती चौदा महिने आहेत. त्यांतले सहा नाशिकला आणि दोन पुढच्या तपासणीची वाट पाहण्यात गेले, तर सहाच उरतात.

या सेवेसाठी ऑटिझमच्या निदानाची गरज नाही, हे कृपया दोनदा वाचा. डॉक्टरांची चिठ्ठीही लागत नाही; आई स्वतः राज्याच्या मध्यवर्ती क्रमांकावर फोन करून मुलाची नोंद करू शकते. विकासाचे मूल्यमापन विनामूल्य असते, आणि नोंद झाल्यापासून पंचेचाळीस दिवसांत मूल्यमापन होऊन, मूल पात्र ठरल्यास, कुटुंबासोबत योजना ठरवण्याची बैठक व्हावी लागते. पुढच्या सेवांसाठी न्यू जर्सीत उत्पन्नानुसार काही वाटा भरावा लागू शकतो, तो आधी विचारून घ्या. तुमच्या लेखी संमतीवाचून मूल्यमापनही होत नाही आणि सेवाही सुरू होत नाही. तीन वर्षांनंतर जबाबदारी शाळा-जिल्ह्याकडे, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेकडे जाते, आणि ते संक्रमण वाढदिवसाच्या किमान नव्वद दिवस आधी सुरू व्हावे लागते. त्याचबरोबर डॉक्टरांना तीन गोष्टी एकाच भेटीत मागा. फॉर्मची पुनर्तपासणी आणि मुलाखत, श्रवणतज्ज्ञाकडून कानांची पूर्ण तपासणी, आणि बालविकासतज्ज्ञाकडे जाण्याची शिफारस. जन्मतःच कानांची चाचणी झाली होती म्हणून ही टाळू नका. ऐकण्यात नंतरही उणीव येऊ शकते. विकासतज्ज्ञाची वेळ मिळायला अनेक महिने लागतात, म्हणून नाव आजच लावायचे, आणि तोपर्यंत अर्ली इंटरव्हेन्शन सुरू करायचे. एक झाल्यावर दुसरे असे करू नका.

भेटीला जाताना फोनवर घेतलेली दोन-तीन मिनिटांची चित्रणे बरोबर ठेवा. तो एकटा खेळताना, तुम्ही पाठीमागून हाक मारताना आणि जेवताना. वर्षाच्या वयातले ‘काऊ’ म्हणतानाचे जुने चित्रण सापडले तर ते सर्वांत महत्त्वाचे. शब्द गेल्याचे त्याहून चांगले प्रमाण नाही. तुमचे इंग्रजी चांगले असले तरी मुलाविषयी बोलताना गळा दाटला की माणूस मातृभाषेत विचार करतो, म्हणून मराठी दुभाषा मागायला संकोच करू नका. मूल्यमापन शक्य तेथवर घरच्या भाषेत व्हावे असे कायदाच म्हणतो. दुभाष्याचे काम नणंदेला किंवा शेजारणीला देऊ नका. त्या प्रेमापोटी वाक्ये मऊ करतात.

पतींच्या भीतीकडे मी आदराने पाहते. व्हिसावर राहणाऱ्या माणसाला प्रत्येक कागद धोक्याचा वाटतो, आणि ऑस्ट्रेलियासारख्या देशांत मुलाच्या अपंगत्वामुळे कुटुंबांचा कायमचा परवाना अडल्याच्या बातम्या त्यांनीही वाचल्या असतील. पण तुमचा मुलगा अमेरिकेत जन्मला आहे, तो तेथील नागरिक आहे. ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीला सामोरे जाल ते तुम्ही दोघे, आणि तिच्यात संसर्गजन्य आजार, लसीकरण, व्यसन आणि घातक वर्तनाशी जोडलेले विकार पाहतात. मुलाच्या विकासाचे मूल्यमापन त्यात येत नाही. अर्ली इंटरव्हेन्शन आणि विशेष शिक्षण हे मुलाच्या शिक्षणविषयक कायद्यातून आलेले हक्क आहेत. कोणताही सरकारी आरोग्य विमा घेण्याचा प्रश्न पुढे आला, तर मात्र तो तुमच्या इमिग्रेशनच्या वकिलालाच विचारा, व्हॉट्सॲपच्या गटाला नको. रेकॉर्डविषयी म्हणाल, तर न्यू जर्सीत ऑटिझमचे निदान झालेल्या मुलांची एक नोंदवही आहे, तेथे डॉक्टरांना नोंद करावी लागते. ती माहिती गोपनीय असते, आणि पालकांनी तसे सांगितल्यास ती नाव न देता करता येते. पतींना ही गोष्ट आधीच सांगा. नंतर कळली तर त्यांना वाटेल की तुम्ही लपवली. आणि त्यांना असेही विचारा की मूल बालवर्गात जाईल, तेथे न वळणारी मान आणि न येणारे शब्द सर्वांना दिसतील, तेव्हा कागद कोरा असल्याचा त्याला कोणता उपयोग होणार आहे?

मंडळाविषयी तुम्ही लिहिलेले वाचून मला सर्वांत जास्त वाईट वाटले. ‘सगळ्यांची मुले छान बोलतात’ असे तुम्हाला वाटते, कारण ज्यांची बोलत नाहीत ती कुटुंबे गणेशोत्सवाला यायची केव्हाच थांबली आहेत. ढोल-ताशा सुरू झाला की कान झाकून किंचाळणाऱ्या मुलाकडे चार माना वळतात आणि ‘लाडावलेला आहे’ हे शब्द आईच्या कानी पडतात. दुसऱ्या वर्षी ते कुटुंब येत नाही. रविवारच्या मराठी शाळेतल्या शिक्षिकांना विचारून पाहा, त्यांना अशी घरे ठाऊक असतात, आणि एखादी आई तुमच्याशी फोनवर बोलायला नक्की तयार होईल. ‘स्वमग्न’ या आपल्या शब्दाने थोडा घोळ केला आहे असे मला नेहमी वाटते. त्या शब्दात मूल जणू स्वतःच्याच आनंदात बुडालेले आहे आणि आपली त्याला गरज नाही, असा भाव येतो. प्रत्यक्षात या मुलांना माणसे हवी असतात, त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र वेगळी असते. मंडळांनी वर्षातून एकदा, हळदीकुंकवाच्या किंवा दिवाळीच्या कार्यक्रमात, एखाद्या मराठी बालरोगतज्ज्ञाला वीस मिनिटे द्यावीत आणि ते वीस प्रश्न आपल्या भाषेत, आपल्या उदाहरणांनी समजावून घ्यावेत, असे मी प्रत्येक पदाधिकाऱ्याला सांगत आले आहे. तुमच्या मंडळालाही लिहीन. तुमचे नाव त्यात येणार नाही.

राहिला नाशिकचा प्रश्न. भारतात चांगली केंद्रे नाहीत म्हणून मी ‘पाठवू नका’ म्हणत नाही. मुंबईत आणि पुण्यात या क्षेत्रात उत्तम काम चालते, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ऑटिझमचा समावेश आहे. पण सासूबाई त्याला उपचारासाठी नव्हे, आपोआप बोलेल म्हणून बोलावत आहेत, आणि शब्द गमावलेल्या मुलाला या वयात आई-वडिलांपासून सहा महिने दूर ठेवणे मला मान्य नाही. त्यापेक्षा उलट करा. पाहुणी म्हणून येणाऱ्या आजीला अमेरिकेत साधारणपणे सहा महिने राहायला मिळतात. अर्ली इंटरव्हेन्शनच्या सेवा शक्यतो मुलाच्या घरीच दिल्या जातात. थेरपिस्ट तुमच्या दिवाणखान्यात जमिनीवर बसून तुम्हालाच शिकवतात की त्याच्या उंचीवर कसे यावे, वाट कशी पाहावी आणि त्याच्या एका नजरेला उत्तर कसे द्यावे. सासूबाईंना फोन करा आणि सांगा की त्याला माणसे हवीत हे तुमचे म्हणणे खरे आहे, म्हणून तुम्हीच या. त्या आल्या की तळहातावर बोट फिरवून मोराला बसवण्याचा खेळ त्या खेळतील, आणि मोर उडण्याच्या आधी क्षणभर थांबून, तो वर पाहतो का याची वाट पाहायला थेरपिस्ट त्यांना शिकवतील. व्हिसाचे काम व्हायला वेळ लागेल. राज्याच्या क्रमांकावरचा फोन मात्र सोमवारी सकाळीच करा, आणि पहिल्या भेटीची तारीख ठरली की मला दोन ओळी लिहा.